आगमनाचे स्मरण आणि निर्णयाचे स्मरण : वऱ्हाडातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या महोत्सवांची चिकित्सा

प्रस्तावना

शताब्दी साजरी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेला प्रथम एक साल निश्चित करावे लागते. हे साल जुन्या कागदपत्रांत आयतेच सापडते, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात ते निवडावे लागते आणि त्या निवडीत संस्थेची स्वतःविषयीची समजूत दडलेली असते. अमरावती व अकोला परिसरातील प्रोटेस्टंट मंडळ्यांचे वर्धापनदिन, सुवर्णमहोत्सव व शताब्दी सोहळे, तसेच त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिका या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत. अशा सोहळ्यांत मिशनऱ्यांचे आगमन हा कालगणनेचा प्रारंभ मानला जातो आणि स्थानिक माणसांनी घेतलेला निर्णय मागे पडतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या पद्धतीची घडण, तिची कारणे आणि तिच्या मर्यादा यांचा येथे विचार केला आहे.

स्मरणाची परंपरा

प्रोटेस्टंट पंथाने संतांचे सणवार मोठ्या प्रमाणावर कमी केले. त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी हळूहळू इतिहासातील घटनांचे स्मरण आले. मार्टिन लूथर यांच्या प्रबंधांची ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख धरून जर्मन प्रोटेस्टंटांनी १६१७ मध्ये शताब्दी साजरी केली. पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० साली घोषित केलेल्या पवित्र वर्षाची परंपरा पापक्षमेशी निगडित होती. १६१७ च्या सोहळ्याने घटनेपासून शंभर वर्षे मोजण्याची रीत रूढ केली. आज शाळा, बँका आणि ग्रंथालयेही ज्या शताब्दी साजऱ्या करतात, त्यांच्या पूर्वजांत या सोहळ्याची गणना करावी लागते.

या रीतीला शास्त्राधारही दिला जातो. लेवीय पुस्तकातील योबेल वर्ष पन्नासावे असते; त्यात गहाण जमीन मूळ धन्याकडे परत जाते आणि दास मुक्त होतो. यहोशवाच्या पुस्तकात यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले जातात. पुढे मुलांनी त्या धोंड्यांचा अर्थ विचारला म्हणजे वडिलांनी त्यांना हकीकत सांगावी, हा त्यामागील हेतू. शमुवेलाने उभारलेला एबन-एजर हा साहाय्याचा धोंडाही याच जातीचा. या तिन्ही उदाहरणांत लक्षणीय बाब अशी की, स्मरणाचा विषय सामान्य लोकसमूह आहे. सुटका त्यांची झाली, नदी त्यांनी ओलांडली आणि धोंडे त्यांनीच वाहिले.

वऱ्हाडातील स्थिती

वऱ्हाड १८५३ च्या तहानुसार निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. या प्रदेशात एकाच मिशनचे काम झाले नाही. अमरावती, अकोला व खामगाव येथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, अचलपूर व मेळघाटच्या बाजूस कोरकू मिशन, तर बुलढाणा व पुढे वाशीम येथे नाझरीन मिशन अशी विभागणी झाली. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मिशनांच्या कामाचे स्वरूप बदलले. अनाथ मुलांचा सांभाळ हे मोठे काम होऊन बसले.

परिणामी वऱ्हाडातील प्रोटेस्टंटांना सामाईक अशी एकच तारीख नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., अस्तित्वात आले. परंतु अलायन्स व नाझरीन मंडळ्या त्या ऐक्यात नव्हत्या. विदर्भाच्याच भूमीवर घडलेली ही घटना अकोल्यातील एका मंडळीला आपली वाटते, तर शेजारच्या मंडळीला परकी. प्रत्येक जण आपापल्या मिशनच्या पहिल्या पावलापासून वर्षे मोजतो. म्हणजे विदेशातील संस्थांची जुनी विभागणी इथल्या दिनदर्शिकेत टिकून राहते.

आगमनकेंद्री लेखन

या पद्धतीचा मराठी मुलखातील आदर्श अमेरिकन मराठी मिशनने घालून दिला. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. त्या केंद्राच्या पन्नाशीनिमित्त १८८१ मध्ये वाचलेले निबंध पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या नावात मात्र १८१३ ते १८८१ असा काळ घातलेला आहे. सोहळा नगरचा असला तरी गणना जहाजापासून झाली. विल्यम हेझन यांनी १९१३ मध्ये लिहिलेला शतकाचा इतिहासही त्याच सालापासून निघतो.

याच मिशनच्या इतिहासात १८५४ हे सालही आहे. त्या वर्षी हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि मराठी मंडळीचे नेतृत्व मराठी माणसाच्या हाती येण्यास आरंभ झाला. मंडळी या दृष्टीने पाहिले तर हा टप्पा जहाजाच्या आगमनाहून कमी मोलाचा नाही. तरीही शताब्दी १८१३ ची झाली.

अकोल्याच्या संदर्भात हेलन डायर यांचे जेनी फुलर यांच्यावरील स्मृतिचरित्र उल्लेखनीय आहे. ग्रंथाच्या उपशीर्षकात अकोला व मुंबई ही दोन्ही नावे आहेत. जेनी फुलर या हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीविषयी आस्थेने लिहिणाऱ्या लेखिका होत्या. १९०० मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे मोल निर्विवाद आहे. परंतु चरित्रनायिका मिशनरी, लेखिका इंग्रज आणि अपेक्षित वाचक दूरदेशीचा दाता, या रचनेत अकोला हे गाव कार्यक्षेत्र म्हणूनच येऊ शकते. तेथील माणसांना स्वतंत्र आवाज मिळण्यास अशा लेखनात वाव थोडा असतो.

पुढील काळातील मराठी स्मरणिकांनी हाच साचा बहुतांशी स्वीकारला. प्रारंभी मान्यवरांचे शुभसंदेश, नंतर मिशनऱ्यांची छायाचित्रे, पाळकांची अनुक्रमवार यादी, इमारतीच्या जीर्णोद्धाराचा वृत्तान्त आणि शेवटी देणगीदार व जाहिराती, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. गावोगाव पायी हिंडणारा प्रचारक, घरोघर जाऊन वाचन शिकविणारी बायबल-बाई आणि दुष्काळात आश्रयास येऊन मंडळीची पहिली पिढी ठरलेली मुले यांना समूहवाचक नामांनी ओळखले जाते. मिशनरी नावाने येतो. हे लोक ‘अनेक सेवक’ म्हणून येतात.

या त्रुटीला व्यवहारी कारण आहे. मिशनऱ्याने वार्षिक अहवाल लिहिले आणि ते छापले गेले. स्थानिक माणसांच्या खुणा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात, स्मशानभूमीतील दगडांवर आणि वृद्धांच्या स्मरणात विखुरलेल्या राहिल्या. छापील साधन हाताशी असल्यामुळे संपादक त्याकडे वळतो. मात्र साधनांची सोय म्हणजे इतिहासाचा क्रम नव्हे.

भोवतालच्या स्मरणपद्धती

वऱ्हाडातील इतर स्मरणोत्सवांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. शेगाव येथे गजानन महाराजांचा प्रकटदिन साजरा होतो. मोझरीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी पाळली जाते. हे उत्सव दरवर्षीचे व व्यक्तिकेंद्री आहेत. मिशनऱ्याच्या आगमनाचा सोहळा नकळत प्रकटदिनाच्या जवळ जातो. संतपूजा वर्ज्य मानणारा पंथ संस्थापकाच्या रूपाने तिच्याच वळणाचे स्मरण जोपासतो, हा त्यातील विरोधाभास होय.

याउलट नागपूरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ या तारखेच्या केंद्रस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, हे खरे. पण तो दिवस लाखो माणसांनी स्वतः केलेल्या निर्धाराचा आहे. बुद्धाचा धम्म कोणी, केव्हा आणला याची तिथी तेथे मोजली जात नाही. ख्रिस्ती समाजावर परकेपणाचा आरोप वारंवार होतो. अशा वेळी त्या समाजाने स्वतःचा जन्म बंदरावर उतरलेल्या पाहुण्यापासून मोजावा, ही गोष्ट आरोपाला अनायासे आधार पुरविणारी ठरते.

‘स्मृतिचित्रे’ : एक वेगळा आदर्श

स्मरण कसे लिहावे याचा उत्तम नमुना मराठीत उपलब्ध आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. मंडळीच्या इतिहासात हा दिवस आनंदाचा व अभिमानाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तोच प्रसंग घर उद्ध्वस्त करणारा आघात म्हणून येतो. पुढे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी सोवळे-ओवळे व जातिभेद यांविषयी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने उलगडा करून घेतला होता. एकाच तारखेला विजय आणि दुःख हे दोन्ही अर्थ असू शकतात, हे या ग्रंथाने सहज भाषेत दाखविले. स्मरणिकांना हीच गोष्ट साधत नाही, कारण त्यांना केवळ आनंदच नोंदवावयाचा असतो.

टिळकांचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तिला संस्थेचे स्थैर्य लाभले नाही. २०१७ मध्ये लूथर यांच्या प्रबंधांस पाचशे आणि टिळकांच्या दरबारास शंभर वर्षे पूर्ण झाली. पहिल्या घटनेस जगभरच्या संस्थांचे पाठबळ होते. दुसरीस मालमत्ता, पदाधिकारी वा वारस संस्था नव्हती. शताब्दी तिचीच होते, जिची इमारत शिल्लक असते. फसलेल्या पण मौलिक प्रयोगांना महोत्सव लाभत नाहीत.

निष्कर्ष

आगमनकेंद्री स्मरणाची चिकित्सा करताना दुसऱ्या टोकास जाण्याचे कारण नाही. मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने व मुद्रण यांसाठी केलेले श्रम वगळून लिहिलेला इतिहासही तितकाच अपुरा ठरेल; नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव उच्चारताना स्टीफन हिस्लॉप यांना विसरणे योग्य नव्हे. अपेक्षा एवढीच की, आगमनाच्या सालाशेजारी पहिला स्थानिक बाप्तिस्मा, पहिला मराठी पाळक आणि मंडळीने स्वतःच्या वर्गणीवर उभे राहण्याचे साल यांनाही मैलाच्या दगडांचा मान मिळावा. त्यासाठी नोंदवह्यांचे जतन आणि वृद्ध सभासदांच्या मौखिक आठवणींचे संकलन ही कामे महोत्सवाच्या मंडपाआधी व्हावयास हवीत. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना येथे मंडळ्यांच्या सहकार्याने करण्याजोगे भरपूर काम आहे.

यार्देनकाठच्या कथेत मुलांचा प्रश्न धोंड्यांविषयी असतो आणि उत्तरात त्यांच्याच वाडवडिलांची हकीकत येते. अमरावती-अकोल्याच्या मंडळीतील मुलाने चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीचा अर्थ विचारला, तर त्याच्या पणजीचे नाव उत्तरात यावे. त्या कसोटीला उतरणारी स्मरणिका हीच मंडळीचा खरा इतिहास ठरेल.