पुतळीला फुटलेली वाचा

ओव्हिडच्या काव्यात पिग्मॅलियनची मूर्ती सजीव होते, पण एक शब्दही बोलत नाही. शॉने १९१३ च्या नाटकात तिला वाचा दिली, हिगिन्सला सोडून जाण्याचे बळही दिले. १९३८ च्या चित्रपटाने आणि १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ने मात्र एलायझाला त्याच्या घरी परत आणले. पु. लं.च्या ‘ती फुलराणी’त (१९७५) मंजुळेचा संताप तिच्या मूळ बोलीतच फुटतो, म्हणून ते रूपांतर मला शॉच्या अधिक जवळचे वाटते. निर्मळला सामवेदी बोलीच्या शेजारात राहून ही रूपांतरे पाहताना हिगिन्स पैज जिंकला का, हा प्रश्न गौण ठरतो. शुद्ध बोलायला शिकलेली मुलगी घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलते, हे एकही चित्रपट विचारत नाही.