पिंपातला शिपाई

दिवाळीच्या फराळाबरोबर युद्धाचा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ज्या चित्रपटाविषयी लिहितो आहे तो पाहताना मी पोट धरून हसलो. बेरंग झाला तो हसू ओसरल्यावर!

किहाची ओकामोतो ह्या जपानी दिग्दर्शकाचा ‘निकुदान’ हा १९६८ सालचा चित्रपट. निकुदान म्हणजे माणसाच्या देहाची केलेली गोळी. ह्याच्या नायकाला नावच नाही. तो नुसता ‘तो’. काळ १९४५ च्या उन्हाळ्याचा. पोटात अन्न नाही म्हणून हा शिपाई गाईसारखा रवंथ करायला शिकला आहे. कोठारात चोरी केली म्हणून वरिष्ठ त्याला डुक्कर ठरवून नागवे ठेवतात. पुढे आत्मघातकी तुकडीत नेमणूक होताच तोच देव होतो! शेवटी एका पिंपात बसून, पिंपाला टॉर्पेडो बांधून, तो समुद्रात शत्रूची वाट पाहतो. टॉर्पेडो निकामी निघतो आणि भेटते ती मैला वाहणारी होडी. युद्ध केव्हाच संपले, हे त्याला तिथे कळते.

ओकामोतो स्वतः त्या युद्धात भरती झालेला. १९६७ साली त्याने शरणागतीच्या दिवसावर मोठा चित्रपट काढला होता. त्यात मंत्री होते, सेनापती होते. साधा शिपाई मात्र कोपऱ्यातच राहिला. त्या शिपायाचे देणे त्याने पुढच्याच वर्षी, तुटपुंज्या भांडवलावर, असे फेडले.

चित्रपटात उणे नाही असे नव्हे. नायकाला भेटणारी मुलगी माणूस कमी आणि कल्पना अधिक वाटते. शेवटचे रूपकही जरा मोठ्याने बोलते. पण शत्रूची टर उडवणे सोपे. ओकामोतो आपल्याच सेनेची उडवतो, आणि तरीही त्या शिपायाला कधी हास्यास्पद होऊ देत नाही. हे फार अवघड आहे.

आमच्या कोल्हापूरला थट्टेचे वावडे कधीच नव्हते. अत्र्यांची लेखणी आणि मास्टर विनायकांचे दिग्दर्शन लाभलेला हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) ह्याच मातीतला. त्याच विनायकांनी १९४५ साली ‘बडी माँ’ हा युद्धप्रचाराचा चित्रपट काढला. मी त्यांना बोल लावीत नाही. तेव्हा कच्च्या फिल्मवरही सरकारचा ताबा होता. ओकामोतोच्या पाठीशी तेवीस वर्षांचे अंतर होते. पण ते अंतर पुढे आम्हालाही मिळालेच की! शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या शिपायाला असा चित्रपट का मिळू नये?

माझे आजोबा मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात ह्याच जपान्यांशी लढले. आम्हा मुलांना ते लढाईची एकच गोष्ट सांगत: बिस्किटे इतकी कडक, की ती उशाला घेऊन झोपावे! आम्ही खदखदून हसायचो. ते मात्र उठून परसात जायचे.

तो पिंपातला शिपाई पाहिला आणि आजोबा परसात का जात, हे मला प्रथम उमगले. ज्या जपानी पोरावर त्यांनी बंदूक रोखली असेल, तोही बहुधा असाच उपाशी होता.