शुक्रजंतूचे इंधन : एका ओळीचा अपुरा धडा

जीवशास्त्राच्या पुस्तकांत शुक्रजंतूची आकृती ठरलेली असते : डोके, मध्यभाग, शेपूट. सोबत एक ओळ : वीर्यातील फ्रुक्टोज हे इंधन, मध्यभागातील तंतुकणिका हे इंजिन. ही ओळ खोटी नाही. पण तिच्यातून मेद पूर्णपणे गळला आहे, अशी आमची तक्रार आहे.

वीर्यातील साखर फ्रुक्टोज असते, हे थॅडियस मान यांनी १९४६ मध्ये दाखवले. त्याआधीच, १९४१ मध्ये, लार्डी व फिलिप्स यांना दिसले होते की वळूचे शुक्रजंतू साखरेवाचूनही, प्राणवायू मिळत असेल तर, पोहत राहतात आणि त्यांच्यातील फॉस्फोलिपिडे घटत जातात. म्हणजे पेशी स्वतःचा मेद जाळत होती. उलट, २००४ मध्ये उंदरांतील शेपटीत साखर वापरणारे एक विकर नाहीसे केले, तेव्हा तंतुकणिका शाबूत असूनही शुक्रजंतू मंदावले, नर वंध्य ठरले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. प्राणी आणि परिस्थिती बदलली की इंधन बदलते. एका ओळीत हे मावत नाही.

मेद नुसते सरपण नाही, ती घराची भिंतही आहे. शुक्रजंतूच्या पटलात डीएचए हे सहा दुहेरी बंधांचे मेदाम्ल भरपूर असते. त्यामुळे पटल लवचीक राहते. पण ऑक्सिजनची क्रियाशील रूपे याच बंधांवर हल्ला करतात. जवसाचे तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होते, ते अशाच कारणाने. असा खवटलेला मेद मानवी शुक्रजंतूंची हालचाल थांबवतो, हे १९७९ मध्ये सिद्ध झाले.

यावरून ‘ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या गोळ्या घ्या’ असा सल्ला देणे सोपे. जाहिराती तेच करतात. मात्र शुक्रजंतू परिपक्व होताना या क्रियाशील रूपांची थोडी गरजही असते. २०२० मध्ये अमेरिकेत २३७० जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक आम्ल दिले. अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

शिक्षकांनी हा धडा घेताना फळ्यावर आणखी दोन ओळी लिहाव्यात. पहिली : शुक्रजंतूला साखर आणि मेद दोन्ही लागतात, आणि मेद त्याचा कच्चा दुवाही आहे. दुसरी : मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. आजही बोल मात्र एकट्या सुनेलाच लागतो. वीर्यतपासणी साधी व स्वस्त आहे. ती आधी व्हावी, एवढे विद्यार्थ्यांना कळले तरी पुरे.