गोलपिठा

गोलपिठा : नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचा पहिला काव्यसंग्रह (१९७२). मुंबईतील कामाठीपुरा भागातील वेश्यावस्तीच्या नावावरून संग्रहास हे नाव मिळाले. पुणे जिल्ह्यातील पूर या खेड्यात जन्मलेले ढसाळ बालपणीच मुंबईस आले व या परिसरात वाढले.

नगरातील उपऱ्या माणसाची कविता मराठीत यापूर्वीही होती. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या ऐसा गा मी ब्रह्म (१९६२) व माझे विद्यापीठ (१९६६) या संग्रहांतील निराधार माणसाला कामगारांचे जग सामावून घेते. श्रमाच्या नात्याने तो नगराचा हक्कदार होतो. ढसाळांच्या कवितेतील माणसास हे नाते लाभत नाही. जात त्याला गावकुसाबाहेर ठेवते आणि नगरात आल्यावरही सभ्य समाजाची वेस त्याला बंदच असते. मात्र तो प्रवेशाची याचना करीत नाही. येवला (जि. नासिक) येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. अपमानित करणाऱ्या व्यवस्थेत जागा मागण्याऐवजी ती व्यवस्थाच नाकारण्याची ही भूमिका गोलपिठात वस्तीच्या बोलीतून प्रकटते. संग्रह निघाला त्याच वर्षी दलित पँथर ही संघटना स्थापन झाली. ढसाळ तिच्या संस्थापकांपैकी एक होत.

या बोलीतील अनेक शब्द पांढरपेशा वाचकास अपरिचित होते. त्यामुळे येथे वाचकच उपरा ठरतो. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने अशा वाचकास या जगाची ओळख करून दिली. परंतु केवळ शब्दार्थ कळल्याने ही कविता कळत नाही. न्यूयॉर्कमधील पेद्रो पिएत्री आदी प्वेर्तो रिकन कवींनीही याच दशकात इंग्रजी व स्पॅनिश यांच्या मिश्रणातून आपल्या वस्तीला वाणी दिली. मात्र त्यांच्या उपरेपणामागे स्थलांतर व परभाषा होती. ढसाळ स्वभाषेतच परके ठरले होते.

प्रतिमांची अतिरेकी गर्दी आणि काही ठिकाणी वक्तृत्वाकडे झुकणारा आवेश हे या संग्रहाचे दोष होत. स्त्रीदेहाची वर्णने कधीकधी व्यवस्थेविषयीच्या संतापाचे साधन बनतात. तथापि मंदाकिनी पाटीलवरील कवितेत वेश्येला नाव मिळते आणि करुणा व क्रोध एकजीव होतात. वस्तीचे प्रदर्शन न मांडता तिच्या आतून नगराचा न्याय करणारी कविता, हे गोलपिठाचे महत्त्व होय.