‘डेक्कन’च्या रकान्यातली मुळशी

थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ मी पहिल्यांदा हाताळला, तो भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या १९५८च्या पुनर्मुद्रणातून. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने लंडनला छापला गेला. कुक पेशाने इंजिनिअर. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे ते प्राचार्य होते, आणि निवृत्तीनंतर क्यूच्या वनस्पतिसंग्रहात बसून त्यांनी हे काम तडीस नेले. सिंधपासून कानड्यापर्यंतचा मुलूख एका माणसाने एका ग्रंथात बसवला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. त्यामुळे पुढे जे म्हणणार आहे ते त्यांच्या ऋणात राहूनच.

कुक यांच्या नोंदीची रीत ठरलेली आहे. आधी लॅटिन नाव, मग वर्णन, मग प्रदेश आणि संग्राहकाचे नाव. नावापुढे उद्गारचिन्ह असेल, तर तो वाळवलेला नमुना ग्रंथकर्त्याने स्वतः पाहिला आहे असे समजायचे. शंभर वर्षांनंतरही ते चिन्ह साक्षीदाराच्या सहीसारखे उभे असते. प्रामाणिकपणाची इतकी आटोपशीर खूण मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात आढळलेली नाही.

अडचण आहे ती प्रदेशाच्या रकान्याची. कोकण, डेक्कन, दक्षिण मराठा मुलूख, कानडा, गुजरात, सिंध असे हे मोठे रकाने. ‘डेक्कन’ म्हटले की त्यात ताम्हिणीचे सदाहरित रानही आले आणि सोलापूरकडचा माळही. मुळशी तालुका नेमका घाटमाथ्यावर संपतो. पिरंगुट-हिंजवडीकडून पश्चिमेला निघालेला माणूस तासाभरात कोरड्या टेकड्यांतून अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांच्या दाट सावलीत शिरतो. पाऊस इथे दर काही मैलांनी वाढत जातो आणि झाडे त्या पावसाच्या मागून चालतात, महसुली हद्दीच्या मागून नाही. कुक अधूनमधून डोंगराचे किंवा गावाचे नाव देतात, हे खरे. पण पुन्हा पुन्हा भेटतात ती खंडाळा, लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर. म्हणजे जिथे रेल्वे किंवा साहेबाचा बंगला पोचला, तिथली झाडे आधी पोचली. पुढे फादर सांतापाव यांनी १९५३ मध्ये खंडाळ्याची वेगळी फ्लोरा प्रसिद्ध केली. एका छोट्या परिसराचे ते फार जिव्हाळ्याने केलेले काम आहे, पण खंडाळाच का, याच्या उत्तरात लोहमार्गाचा वाटा आहेच.

कुक यांचा शेवटचा भाग निघाला १९०८ला. तेरा वर्षांनी, १९२१ मध्ये, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि मावळे हरले, आणि मुळेच्या खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. सत्याग्रहाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गावे मोजली, जमीन मोजली. वनस्पतींच्या ग्रंथांत मात्र त्या तळासाठी वेगळी ओळ ठेवायला जागाच नव्हती, तो ‘डेक्कन’मध्ये जमा होता. आंबेमोहोर तांदळाचे उदाहरण घ्या. मुळशी खोऱ्याचे नाव या भातामुळे झाले. पण फ्लोरात भात ही एकच जात, ‘ओरायझा सटायव्हा’. खाचरागणिक बदलणारी वाणे त्या शास्त्राच्या नजरेत येतच नाहीत. हा कुक यांचा दोष नव्हे, वर्गीकरणाची पातळीच ती आहे. तरी बुडालेल्या खाचरांचा हिशेब करताना ही पातळी फारच उंचावरची वाटते.

राज्याची नवी फ्लोरा १९९६ ते २००१ दरम्यान सर्वेक्षणानेच काढली. तिथे नोंद जिल्हावार आहे. प्रगती निश्चित, पण ‘पुणे’ म्हणताना इंदापूर आणि ताम्हिणी पुन्हा एका पंगतीला बसतात.

नावांचा घोळही प्रदेशाशीच बांधलेला आहे. मुळशीत अंजन किंवा अंजनी म्हणजे निळ्या फुलांचे मेमेसिलॉन. खानदेशात अंजन म्हणाल, तर लोक हार्डविकिया दाखवतील. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. गाव न लिहिता नुसते मराठी नाव नोंदवले, तर ती नोंद अर्धी राहते. उलटा प्रवासही झाला आहे. कुक यांनी स्ट्रोबिलँथिसमध्ये ठेवलेल्या कारवीसाठी डच वनस्पतिज्ञ ब्रेमेकाम्प यांनी १९४४ मध्ये वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिले ‘कार्विया’. आपला शब्द जसाच्या तसा लॅटिनमध्ये जाऊन बसला. सात वर्षांनी फुलणाऱ्या झुडपाचा हा मान मला आवडतो.

माझ्या मते या मुलखासाठी अधिक उपयोगी नमुना फ्लोराच्या बाहेर सापडतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी प्रसिद्ध केली. त्यांचे एकक जिल्हा नव्हते, राई होते: कुठले गाव, कुठला देव. अशा नोंदीवर उद्या कोणी परत जाऊन गारंबीचा वेल अजून आहे की तोडला, हे पाहू शकतो. यादी झाडांची म्हणून अपुरी असेल, पण तिला पत्ता आहे.

हे मी फार तोऱ्यात लिहू नये. विद्यार्थी असताना आम्ही सहलीला जायचो दिवाळीच्या सुट्टीत, आणि आषाढात उगवून फुलणारी हबेआमरी तोवर जमिनीच्या वर शिल्लकच नसायची. एकदा हट्टाने जुलैत गेलो, भिजत एक रोप टिपले, वाळवले, चिकटवले. ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यावरच्या चिठ्ठीत माझ्याच अक्षरात लिहिले आहे, ‘मुळशी, जुलै’. धरणाकाठ, गाव की तालुका? पौडजवळचा माळ की ताम्हिणीचा कडा? गेल्या पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊन आलो. हबेआमरी दोन्हीकडे होती, त्यामुळे चिठ्ठी तशीच ठेवावी लागली.