चिखल्याच्या उंचीवरून

दक्षिण कोलकात्यातल्या एका मित्राच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो आहे. शहरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, बकखालीच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यातल्या सकाळी त्याने टिपलेला. ओल्या वाळूवर थबकलेला केंटिश चिखल्या. वजन असेल चाळीसेक ग्रॅम. तरी प्रत्येक खेपेला मी त्याच्यासमोर उभा राहतो.

मला खिळवते ती फोटोची उंची. उभ्याने पाहिलं तर चिखल्याची पाठ आणि वाळू एकाच रंगाची. तोच त्याचा बचाव. मित्र मात्र पोटावर पालथा पडला आणि त्याने कॅमेरा वाळूपासून चार बोटांवर आणला. तेवढ्याने वाळूची बारीक पट्टी झाली, मागची लाट विरघळून नुसती राखाडी उरली, आणि त्या राखाडीवर पांढरं पोट उजळलं. छातीच्या बाजूने आलेला तपकिरी पट्टा मध्येच संपतो. कंठा अपुरा राहणं, ही या पक्ष्याची ओळखच.

मग डोळा. तुतवार चिखलात चोच खुपसून चाचपत खातो. चिखल्या बघून टिपतो. म्हणून त्याची चोच आखूड आणि डोळा टपोरा. धावायचं, थबकायचं, टोचायचं, ही त्याची चाल. फोटो त्यातल्या थबकण्याचा आहे, पण मान किंचित पुढे झुकलेली. पुढची धाव तिच्यात दिसते. मागची धाव वाळूवर आहे: दूरच्या ठशांत पाणी भरून चकाकतंय, पायाजवळचे अजून रिकामे आहेत.

हा फोटो पाहताना मला याच शहरातली जुनी चित्रं आठवतात. १७७७ ते १७८२ या काळात सरन्यायाधीश एलिजा इम्पे यांच्या पत्नी मेरी यांनी पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून पाळलेल्या पक्ष्यांची चित्रं काढून घेतली. शक्य तिथे खऱ्या आकारात, कोऱ्या पांढऱ्या कागदावर. पीस न् पीस रेखलेलं, मागे काही नाही. झैनुद्दीनचा पांढरा कागद आणि या फोटोतली राखाडी लाट, दोन्हींचं काम एकच: पक्ष्याला जागा करून देणं. पण तिथले पक्षी पाळलेले होते. हा चिखल्या मोकळा होता. त्याच्या मागे गेलं असतं तर उडाला असता. ओहोटीच्या पाण्यामागून तो स्वतःहून जवळ येईपर्यंत मित्र वाळूत निश्चल पडून राहिला. पक्ष्याच्या अंगातला सैलपणा त्या पडून राहण्यातून आलाय.

खालच्या कडेला एक धूसर तांबडा डाग आहे. आधी तो मला खुपायचा. नंतर कळलं, बिळातून वर आलेला लाल खेकडा आहे तो, भिंगाच्या अगदी पुढ्यात. मित्राने त्याला कापून टाकलं नाही.