शिरपेचातला तुरा

एखादी बाई मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळावर गेली, की आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येते : अमुक शहराच्या, अमुक समाजाच्या किंवा एकूणच मराठी माणसाच्या शिरपेचात तिने मानाचा तुरा खोवला. वाक्य वाचून बरे वाटते, कपातला चहा संपतो आणि आपण पुढल्या बातमीकडे वळतो. मीही वळले असते. परंतु मी राहते शिरपामाळाला. 1664 च्या सुरत-स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी येथे त्यांची भेट घेऊन त्यांना शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे आमच्याकडे सांगतात. ज्या जागेचे नावच शिरपेचावरून आले तेथल्या माणसाने हा वाक्प्रचार जरा निरखून पाहिला, तर वाचकांनी राग मानू नये. निरखल्यावर दिसते ते असे : शिरपेच मस्तकावर असतो आणि तुरा शिरपेचावर. म्हणजे तुऱ्याची जागा सर्वांत उंच. पण फौज कोणत्या घाटाने उतरवायची, हे तुऱ्याला कोणी विचारीत नाही.

यंत्रांच्या आणि संगणकाच्या धंद्यात अधिकाराच्या जागी पोचलेल्या बायकांविषयी मराठीत अलीकडे पुष्कळ लिहून येते. नवरात्रात नऊ दिवस नऊजणी, मार्चच्या 8 तारखेला पुरवणी, दिवाळी अंकात मुलाखत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कंपन्यांचे ताळेबंद वाचण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत व्याकरण शिकवते, तेव्हा एखादा लेख कसा रचला आहे, एवढे मला कळते. हे लेख मला एकाच साच्यातले वाटतात. मुलगा-मुलगी भेद न मानणारे वडील, काटकसरी आई, कडेवर मूल घेऊन दिलेली परीक्षा, समजूतदार नवरा, आणि मग ती खुर्ची. खुर्ची आली की लेखकाची लेखणी घाईघाईने स्वयंपाकघराकडे वळते, कारण एवढी मोठी होऊनही बाई पुरणपोळी स्वतःच्या हाताने करतात, हे सांगायचे राहिलेले असते. खुर्चीपर्यंतचा रस्ता सविस्तर. खुर्चीवर बसून काय केले, ते गुलदस्तात.

वाक्येच पाहा ना. 'त्यांची नेमणूक झाली.' 'त्यांना संधी मिळाली.' 'त्यांच्यावर धुरा सोपवण्यात आली.' 'पतीची साथ लाभली.' सातवीतल्या मुलीला यातला कर्ता शोधायला सांगितले, तर ती नेमणूक, संधी, धुरा, साथ यांच्याकडे बोट दाखवील. बाई कोठेच कर्ता नाही. शीर्षकात जिला कर्तृत्ववान म्हटले, तिच्या वाट्याला पानभर मजकुरात एकही धड क्रियापद येऊ नये, याची मला मोठी मौज वाटते.

ही खोड आजची नाही. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 चे. मराठी घराघरांत ते वाचले गेले, आणि योग्यच झाले; इतके नितळ गद्य आपल्याकडे फार थोड्यांना साधले आहे. पण पुस्तक संपते कोठे? न्यायमूर्तींच्या निधनाशी, म्हणजे 1901 साली. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या. पुण्याचे सेवासदन 1909 पासून त्यांनी उभे केले, चालवले, वाढवले. विधवांना परिचारिकेचे आणि शिक्षिकेचे शिक्षण देणारी संस्था चालवायची म्हणजे वर्गणी, जागा, माणसे, भांडणे सगळे आले. त्या सगळ्याविषयी त्या पुस्तकात अक्षर नाही. जेथे पुढारीण सुरू होते, तेथे पुस्तक मिटते. रमाबाईंना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांना पतीच्या आठवणी लिहायच्या होत्या, त्यांनी त्या लिहिल्या. नवल वाटते ते आपले. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण तोच शेवट गिरवीत आहोत.

आता सुधा मूर्तींचे पोस्टकार्ड घ्या. ही कथा ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. लीना सोहोनींच्या अनुवादांमुळे तर या मूळच्या कानडी बाई आपल्या घरच्याच झाल्या आहेत. 1974 साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत बजावले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले. मुलाखतीचे बोलावणे आले, आणि टेल्कोत त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. या कथेत कर्ता आहे, क्रियापद आहे, ठिणगीही आहे. म्हणूनच ती टिकली. परंतु तिची पुढली बाजू आपण हळूच दुमडून ठेवतो. 1981 साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, ती याच बाईंनी बाजूला टाकलेल्या दहा हजार रुपयांवर. कंपनीत मात्र नवरा-बायको दोघांनी असू नये, असे नारायण मूर्तींचे मत पडले, आणि बाहेर राहिल्या त्या सुधाताई. पुढे त्यांनी 1996 पासून 2021 अखेरपर्यंत इन्फोसिस फाउंडेशन सांभाळले. ते काम मोठेच आहे. पण ते दानधर्माचे दालन, धंद्याचे नव्हे. 2024 मध्ये एका मुलाखतीत नारायण मूर्तींनी आपली ती भूमिका चूक होती, असे मोकळेपणाने सांगितले. हा त्यांचा मोठेपणा. पण आपल्या लेखकांनी त्या दहा हजारांची गोष्ट चाळीस वर्षे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली, आणि वाचकांनी पदराने डोळे पुसले. संगणकशास्त्र शिकलेला एक माणूस संगणकाच्या कंपनीबाहेर ठेवला गेला, म्हणजे कंपनीचे काही नुकसान झाले असेल का, हा साधा व्यवहारी प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही.

मध्यंतरी सरकारने तुऱ्याचा कायदाच केला. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना निदान एक स्त्री संचालक घेणे भाग पाडले, आणि सेबीने त्यासाठी दिलेली मुदत वाढत वाढत 1 एप्रिल 2015 पर्यंत आली. त्या मार्च महिन्यात शोधाशोधीची जी धांदल उडाली, ती लग्नघटिका जवळ आल्यावर उडते तशी. पुष्कळ ठिकाणी मालकाची पत्नी, बहीण किंवा लेकच सापडली. पुढे उदय कोटक समितीच्या 2017 च्या अहवालावरून नियम आवळला : ही स्त्री मालकाच्या गोतावळ्याबाहेरची, स्वतंत्र असावी. पहिल्या 500 कंपन्यांसाठी 2019 पासून, पहिल्या 1000 साठी 2020 पासून. मला हे सारे अजिबात परके वाटले नाही. आमच्या मुलखात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा 2011 पासून बायकांच्या आहेत. सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे 'सरपंचपती' हे पद कोणत्याही कायद्यात नाही, तरी ते सर्वांना माहीत आहे. आणि त्याच ग्रामसभेत, पाण्याच्या टाकीची जागा बदलल्याशिवाय ठरावावर सही करणार नाही, असे म्हणून तीन तास बसून राहिलेली बाईही मी पाहिली आहे. कायदा खुर्ची देतो. तीवर कोण बसले, हे त्या तीन तासांत कळते. ते तीन तास लिहायचे, तर लेखकालाही तेथे बसावे लागते.

असे तास पुण्यात एका बाईंच्या वाट्याला वर्षेच्या वर्षे आले. थरमॅक्स ही बॉयलर आणि ऊर्जेची यंत्रे करणारी कंपनी. 1996 साली तिचे प्रमुख रोहिंटन आगा अचानक वारले, आणि दोनच दिवसांत अध्यक्षपद अनू आगांकडे आले. त्यांचे शिक्षण समाजकार्याचे. कंपनीत त्या माणसांचा विभाग पाहत. त्यानंतर थोड्याच काळात तरणाताठा मुलगा मोटार-अपघातात गेला. आमच्या लेखकांना येथवर सारे हातखंडा असते. ती सोसते, ती खचत नाही, ती उभी राहते. परंतु अनू आगांची खरी कथा त्या उभे राहण्याच्या नंतरची आहे, आणि ती त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. कंपनीचा शेअर 400 रुपयांवरून 36 वर घसरला. कोणा भागधारकाचे निनावी पत्र आले : तुम्ही आम्हाला बुडवलेत. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. आता येथे कादंबरीकाराने थांबावे. विधवेला, पुत्रशोक झालेल्या आईला, आपल्याकडे कोणी असे पत्र लिहीत नाही. लिहिणाऱ्याला आपण निर्दय म्हणू. पण मला वाटते, त्या निनावी माणसानेच त्यांना प्रथम अध्यक्ष म्हणून वागवले. बाकीचे सांत्वन करीत होते. हा हिशेब मागत होता.

आणि त्यांनी हिशेब दिला. घरातल्या जाणत्यांचे मन वळवून बाहेरचे सल्लागार, बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे, बोलावले. मूळ धंद्याशी नाते नसलेले उद्योग सोडले. जुने संचालक मंडळ मोडून नवे बांधले, आणि रोजचा कारभार एकीकडे व मंडळ दुसरीकडे अशी फारकत केली. ज्या माणसांबरोबर पतीने वर्षानुवर्षे काम केले, त्यांना राजीनामे मागायचे. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. त्यांना ते तोंडाने म्हणावे लागले. कंपनी सावरली, आणि 2004 मध्ये रसायन अभियंता असलेल्या आपल्या मुलीकडे, मेहेर पदमजींकडे, अध्यक्षपद देऊन त्या निवृत्त झाल्या. वारसा घरातच राहिला, हे टीकाकाराने नोंदवायला हवेच. पण ती राजीनामे मागण्याची बैठक ज्या लेखात नाही, तो लेख अनू आगांवरचा नाही. कोणत्याही दुःखी बाईवरचा आहे. लीला पूनावालांचेही असेच. 1967 साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी, पुढे अल्फा लावलसारख्या परदेशी मुळाच्या कंपनीचे भारतातले प्रमुखपद, 1989 मध्ये पद्मश्री. लेखांतून लक्षात राहते ते काय, तर साडी नेसून कारखान्यात वावरणे.

यावर संपादक मंडळी म्हणतात की वाचकांना, विशेषतः घरातल्या बायकांना, संचालक मंडळ आणि यंत्रांच्या गोष्टी रुक्ष वाटतील. ज्या बायका बचत गटाचे व्याज तोंडी मांडतात, भिशीत कोणाचा नंबर आधी लावायचा यावर तासभर मुत्सद्देगिरी करतात, त्यांच्याविषयी हे म्हणायचे, म्हणजे धाडसच.

रुक्षपणाचा हा बागुलबुवा कोठे नेतो, ते नेहा नारखेडे यांच्यावरच्या लेखांत दिसते. पुण्यात पी. आय. सी. टी. मध्ये शिकलेली ही मुलगी पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये गेली. लिंक्डइन या कंपनीत तिने जे क्रेप्स आणि जुन राव या दोघांबरोबर काफ्का नावाची संगणक-प्रणाली घडवली, ती 2011 साली सर्वांना खुली केली, आणि 2014 मध्ये तिघांनी तिच्यावर कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. तंत्राची प्रमुख, मग उत्पादनाची प्रमुख, संचालक मंडळावरही. 2021 मध्ये कंपनी अमेरिकी शेअर बाजारात आली आणि मराठी लेखांचा पाऊस पडला. त्यांत डॉलरांचा आकडा होता, श्रीमंतांच्या यादीतला क्रमांक होता, पुण्याचा अभिमान होता, तुराही होता. काफ्का म्हणजे काय, हे मला त्या लेखांत मिळाले नाही. साहित्यावर प्रेम करणाऱ्या मासिकांनी तरी थबकायला हवे होते. ही प्रणाली मुख्यत्वे लिहून ठेवण्यासाठी, म्हणून लेखकाचे नाव शोभेल, या विचाराने क्रेप्सनी आपल्या आवडत्या फ्रान्झ काफ्काचे नाव तिला दिले.

गोष्ट तशी अवघड नाही. शाळेच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद अनुक्रमांक घालून शेवटच्या ओळीखाली लिहायचा. मध्ये घुसडायचा नाही. मग मुख्याध्यापक ती वाचोत, लेखनिक वाचो की तालुक्याचे साहेब. ज्याने त्याने आपण कोणत्या क्रमांकापर्यंत वाचले ते लक्षात ठेवायचे आणि पुढे वाचायचे. एकाने वाचली म्हणून नोंद दुसऱ्यासाठी नाहीशी होत नाही. क्षणाक्षणाला लाखो नोंदी येतात, वाचणारे शेकडो आहेत आणि वही अनेक यंत्रांवर एकाच वेळी लिहिली जाते, अशी कल्पना केली की काफ्काचा गाभा हाती येतो. आधी प्रत्येक खाते दुसऱ्या प्रत्येक खात्याकडे स्वतंत्र शिपाई धाडीत होते. आता सारी एका वहीकडे येतात.

हे मी यंदा आठवीच्या वर्गात फळ्यावर रेघा मारून सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी फारसे न बोलणारी, उभी राहिली. "बाई, लिहिता लिहिता एखादं यंत्र बंद पडलं तर?" मी म्हटले, त्याच नोंदींची नक्कल दुसऱ्या यंत्रांवर असते, मग त्यांतले एक पुढे होते. तिचे समाधान झाले नाही. "पण पुढं कोणी व्हायचं, ते ठरवतं कोण?" वर्गात त्यावर बरीच बाचाबाची झाली, घंटा झाली तरी चालू होती.